हात बसल्यावर पुन्हा शिकायचं कसं

वरच्या ओठात अर्धा मिली फिलर, म्हणजे ओठ-गाल भरायला टोचायचं हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल. सौंदर्योपचारांच्या या कामातलं ते माझं चौदावं वर्ष होतं आणि असे ओठ तोवर किती केले असतील, याची मोजदाद मी कधीच सोडून दिली होती. पेशंट गप्पा मारत होती, मीही मारत होते. उजवी बाजू झाली, डावीकडे वळणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, इथे रंग बघा ना." ओठापासून नाकपुडीकडे जाणारा एक पांढरट पट्टा. बोटाने दाबून सोडलं. एक, दोन, तीन, चार... गुलाबी रंग परत येईना. पेशंटला काहीच दुखत नव्हतं. दुखणार कसं? फिलरमध्ये लिग्नोकेन हे भुलीचं औषध होतंच, वर मी ब्लॉकही, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, दिला होता.

काय झालंय ते लगेच कळलं: फिलर शिरेत जाऊन रक्त अडलं होतं. काय करायचं तेही पाठ होतं. प्लास्टिक सर्जन डीलोरेन्झी यांचा हायलुरॉनिडेजच्या (फिलर विरघळवणारं औषध) मोठ्या डोसबद्दलचा २०१७ चा लेख मी वाचला होता, इतकंच काय, त्यावर इतरांना स्लाइड्सही दाखवल्या होत्या. रक्त अडलेला भाग जेवढा मोठा तेवढा डोस मोठा, लहान भागाला ५०० युनिटच्या आसपास, आणि रंग परतेपर्यंत दर तासाला पुन्हा.

आणि मी केलं काय? हायलुरॉनिडेजची १५०० युनिटची व्हायल (औषधाची छोटी बाटली) उघडली आणि १० मिली सलाईनमध्ये पातळ केली. कारण फिलरच्या छोट्या गाठी विरघळवताना मी वर्षानुवर्षं तसंच करत आले होते. डोक्यात २०१७ चा लेख होता, हातात जुनी सवय. ५०० युनिट द्यायचे तर सव्वातीन मिलीहून जास्त पाणी त्या आधीच फुगलेल्या ओठात घालावं लागणार, हे सिरिंज भरता भरता लक्षात आलं. दुसरी व्हायल दुसऱ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये होती. ती येईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. पेशंट पूर्ण बरी झाली. आठ दिवस एक बारीकशी खपली राहिली, तेवढंच. पण रात्री मी भिंतीवरची सर्टिफिकेटं मोजली. अकरा निघाली. त्या अकरांपैकी एकाही ठिकाणी कुणी माझा हात चालताना पाहिला नव्हता.

हे लिहितेय ते नवशिक्यांसाठी नाही. दहा-पंधरा वर्षं झालेल्यांसाठी आहे, ज्यांना आता कुणी काही सांगत नाही.

आधी स्वतःचेच फोटो काढून बसा

आपण ट्रेनिंग कसं निवडतो? जे नवीन आलंय ते. नवीन धागा, नवीन यंत्र, नवीन ब्रँड. म्हणजे आपल्या कामातलं कच्चं काय आहे ते न बघताच. त्यासाठी आधी शेवटच्या पन्नास केसेस काढा. चांगल्या निवडून नव्हे, तारखेप्रमाणे सलग पन्नास. प्रत्येकीत चारच गोष्टी बघायच्या: आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून आहे का, टच-अपला कोण परत आलं आणि कशासाठी, नको तो परिणाम कुठला झाला, आणि कोण परत आलंच नाही. शेवटच्या गटाला फोन करा. मी नऊ जणींना केला. चौघींचं उत्तर ऐकून कान लाल झाले.

माझ्या पन्नासांत निघालं ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं. कपाळाला बोटॉक्स दिल्यावर भुवईचं बाहेरचं टोक वर चढल्याच्या तक्रारी सात होत्या आणि त्यांतल्या सहा डाव्या भुवईच्या. सहा! मी कायम पेशंटच्या उजव्या हाताला उभी राहते. डावीकडे टोचायला वाकून पलीकडे जावं लागतं, सुईचा कोन बदलतो, आणि शेवटचा बिंदू मी नकळत अर्धा सेंटिमीटर आत घेते. मग बाहेरच्या कडेचा स्नायू मोकळा राहतो आणि भुवई ओढतो. बारा-तेरा वर्षं मी हे "तुमचा चेहराच मुळात असमान आहे" म्हणून पेशंटच्या माथी मारत होते. (चेहरा असमान असतोच. म्हणून तर ही सबब इतकी छान खपते.) उपाय एका ओळीचा: पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. कुठल्याही कोर्समध्ये हे मला कुणी शिकवलं नसतं, कारण ही चूक फक्त माझी होती.

डॉक्टरांच्या आत्मपरीक्षणावरचा एक आढावा २००६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आपण कसे आहोत याबद्दलचा आपला अंदाज फारसा भरवशाचा नसतो आणि ज्यांचं कौशल्य सर्वात कच्चं आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वात दांडगा, त्यांचा अंदाज सर्वात जास्त चुकतो, असं त्यात निघालं. म्हणून "मला कशात गती नाही" हे स्वतःला विचारत बसू नका. फोटोंना विचारा.

कुणाला तरी हात बघू द्या

हे सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जास्त फळ देणारं. २००५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये डॉक्टरांचा अनुभव आणि उपचारांचा दर्जा यांवरचा एक आढावा छापून आला. ६२ मूल्यमापनं तपासली होती. निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी, प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तसा दर्जा उतरलेला दिसला, तोही मोजलेल्या सगळ्याच बाबतींत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. निवासी डॉक्टर असताना माझ्या खांद्यावरून रोज कुणी ना कुणी डोकावत होतं. नंतर पंधरा वर्षं कुणीच नाही.

कसं करायचं? तुमच्याइतकाच किंवा थोडा जास्त अनुभव असलेला एक सहकारी गाठा, ज्याच्याशी तुमची पेशंटवरून ओढाताण नाही. एक दिवस तुम्ही त्याच्याकडे उभं राहायचं, एक दिवस त्याने तुमच्याकडे. पेशंटची परवानगी आधी, लेखी. बघणाऱ्याने काम चालू असताना तोंड उघडायचं नाही, धोका दिसला तरच बोलायचं. नंतर मात्र "छान झालं" म्हणायला बंदी. माझ्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू सुई टोचल्यावर दांडा मागे ओढतेस, पण ओढतेस आणि लगेच सोडतेस. त्यात काय दिसणार?" मी म्हटलं, मी व्यवस्थित थांबते. तिने मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. अर्धा सेकंद. बारीक सुई, तीही घट्ट जेलने भरलेली. रक्त दिसायला कित्येक सेकंद लागू शकतात, आणि दिसलं नाही म्हणजे सुई शिरेत नाही याची खात्री तरीही नाहीच. म्हणजे वर्षानुवर्षं मी एक विधी उरकत होते.

सहकारी मिळत नसेल तर स्टँडवर मोबाइल लावा आणि फक्त हात आणि चेहरा दिसेल असं शूट करा. आठवड्याने बघा, त्याच दिवशी नको. त्याच दिवशी आपण स्वतःची बाजू घेतो.

जुने नियम झटका

एक वही घ्या आणि "आपण पेशंटला नेहमी काय सांगतो" अशी दहा वाक्यं लिहा. प्रत्येकासमोर ते कुठून शिकलात ते लिहा. माझ्या दहापैकी चारांसमोर "सीनियर म्हणायचे" एवढंच आलं.

त्यातलं एक: मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या बंद केल्यावर ६ महिने त्वचेला हात लावायचा नाही. किती जणांना मी या नियमापायी मुरुमांचे खड्डे घेऊन परत पाठवलं असेल! २०१७ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा वरवरचे पील (औषध लावून त्वचेचा वरचा थर काढणं) आणि केस काढण्याचे लेसर यांसाठी थांबायला लावण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. यंत्राने त्वचा खरवडणं आणि संपूर्ण थर जाळणारे लेसर यांना मात्र त्यांनी नाहीच म्हटलं. म्हणजे नियम पूर्ण खोटा नव्हता, सरसकट लावला जात होता.

दुसरं: "फिलर वर्षभरात विरघळतं." २०२१ मध्ये ३३ जणांच्या एमआरआयचा अभ्यास आला. गालात भरलेलं हायलुरॉनिक अ‍ॅसिड दोन-दोन वर्षांनंतरही त्यात दिसत होतं. दरवर्षी वरून भर घालणाऱ्या माझ्या जुन्या पेशंटांचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि काहींच्या फुगीर गालांचं कोडं सुटलं. आता त्यांच्या केसपेपरवर 'किती उरलंय' हा रकाना आहे.

आणि धोका कुठे आहे याची समजही सरकत असते. फिलरमुळे दृष्टी गेलेल्या केसेसचा आढावा २०१५ मध्ये निघाला. ९८ केसेस, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पेशंटची स्वतःचीच चरबी चेहऱ्यात टोचल्याने झालेल्या, आणि भुवयांमधली जागा सर्वात वाईट. आम्ही अनेकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: चरबी वाईट, आपलं जेल बरं. २०१९ मध्ये पुढचा आढावा आला, ४८ नव्या केसेस. आता दर पाचांतल्या चार हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या, आणि पहिला नंबर नाकाचा. मधल्या काळात मी नाकाच्या फिलरचा कोर्स केला होता, दीड दिवसाचा. आता नाक करत नाही. ज्यांना करायचं त्यांनी करावं, पण २०१५ च्या समजुतीवर नको.

ड्रिल

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: ड्रिल, म्हणजे आणीबाणीचा सराव. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचं जे प्रशिक्षण मिळतं, ते कौशल्य तीन ते सहा महिन्यांत गळायला लागतं. मग शिरेत फिलर जाण्यासारखी क्वचित घटना, जी तुम्ही एकदा स्लाइडवर पाहिली, ती कशी टिकेल?

आमच्याकडे दर तीन महिन्यांनी होतं. वीस मिनिटं, ओपीडी संपल्यावर, आणि तारीख मला माहीत नसते. ती सिस्टर ठरवतात. रिसेप्शनवरची मुलगी खुर्चीत बसते, तिच्या ओठावर खडूने पट्टा काढलेला. सिस्टर म्हणतात, "रंग गेला," आणि घड्याळ सुरू.

पहिल्या मिनिटात टोचणं थांबलं का, बोटाने दाबून रंग परतायला किती सेकंद लागतात ते मोजलं का, उजेड वाढवला का. तीन सेकंदांच्या पुढे गेलं तर व्हायल. ती कुठे आहे हे मला आठवण्याची गरज पडली, तर ड्रिल तिथेच नापास. आता डबा त्याच खोलीत असतो, बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आत किती व्हायल, मुदत कधी संपते, आणि "रक्त अडलं असेल तर एका व्हायलला १ मिली सलाईन". हे अक्षर माझं आहे आणि का लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. व्हायल खरीच फोडायची, मुदत संपलेली. सिरिंज खरीच भरायची. नुसतं "मग मी व्हायल भरीन" असं तोंडाने म्हणायचं नाही. माझी चूक तोंडाने कधीच झाली नसती. हायलुरॉनिडेजचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून मधमाशी चावल्यावर तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती का, हे तेव्हा विचारत बसू नका, ते पहिल्या भेटीतच केसपेपरवर यायला हवं. अशा अ‍ॅलर्जीवरचं अ‍ॅड्रेनालिन डब्यात हवंच.

प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक वेळ लिहितो, एक फोटो काढतो, एक औषध देतो, एक पेशंटजवळ बसून बोलतो. हा चौथा माणूस आम्ही पहिल्या दोन ड्रिलमध्ये ठेवलाच नव्हता. खुर्चीतली मुलगी शेवटी म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्या ओठाशीच बोलत होतात."

वर्षातून एकदा ड्रिल डोळ्याचं. पेशंट म्हणते, "दिसत नाहीये." रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, रक्ताविना फार वेळ काढता येत नाही. ६० ते ९० मिनिटांचा आकडा पूर्वापार सांगतात, पण तेवढा वेळ हाताशी आहे असं धरून चालू नका. इथे तुमचं कौशल्य म्हणजे फोन. नेत्रतज्ज्ञ कोण, रात्री आठ वाजता कोण, आणि तो हे बघतो का? मी ज्यांचा नंबर सहा वर्षं भिंतीवर लावला होता त्यांना ड्रिलमध्ये खरंच फोन केला. ते म्हणाले, "अहो, मी आता फक्त मोतीबिंदू करतो."

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

व्याख्यानं ऐकून डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात जवळजवळ फरक पडत नाही, करून बघायला मिळालं तर पडतो, हे १९९९ मध्येच 'जामा'तल्या एका आढाव्याने दाखवलं होतं. तरी आपण मोठ्या सभागृहात बसतो. मीही बसते, जुने मित्र भेटतात. पण त्याला ट्रेनिंग म्हणू नये.

मी फोन करून विचारते: एका शिक्षकामागे किती जण? चारच्या वर असतील तर नको. सुई माझ्या हातात किती वेळ? शिकवणारा स्वतःच्या बिघडलेल्या केसेस दाखवणार का? हा प्रश्न विचारला की पलीकडची शांतता ऐका. आणि खर्च कोण करतंय? कंपनी करत असेल तर जाऊ नका असं नाही, मी गेले आहे आणि शिकले आहे. पण त्या दिवशी फक्त त्यांच्याच सिरिंजा टेबलावर असतात हे ध्यानात ठेवा. चरबी गोठवणाऱ्या यंत्राने कधी कधी उलट चरबी वाढून कडक गोळा होतो, ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये आली. तोवर ते यंत्र काही वर्षं जोरात विकलं जात होतं. विकणाऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये उद्याचा दुष्परिणाम नसतो.

शवविच्छेदनाची संधी मिळाली तर सोडू नका, पंधरा वर्षांनंतर तर मुळीच नाही. मी शिकले तेव्हा चेहऱ्यावरची चरबी म्हणजे सलग चादर होती. २००७ मध्ये रोहरिच आणि पेसा यांनी मृतदेहांत रंग टोचून दाखवलं की तिचे वेगवेगळे कप्पे आहेत. चित्रं मी खूप पाहिली होती. स्वतःच्या चिमट्यात दोन कप्प्यांमधला पडदा धरला तेव्हाच माझी गालाची सुई खोल गेली.

अल्ट्रासाउंड शिकायचं असेल तर सुरुवात स्वतःच्या जबड्यापासून करा. दात आवळा, मॅसेटरच्या (चावण्याच्या स्नायूच्या) पुढच्या कडेला जबड्याच्या हाडावर बोट ठेवा, तिथे नाडी लागते. तीच फेशियल आर्टरी, चेहऱ्याला रक्त पुरवणारी धमनी. त्यावर भरपूर जेल, १५ मेगाहर्ट्झ किंवा वरचा लिनिअर (सरळ, सपाट तोंडाचा) प्रोब, कलर डॉपलरचा (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) वेग कमी करून ठेवलेला, आणि दाब जवळजवळ नाहीच. दाबलंत तर शीर मिटेल आणि "इथे काही नाही" वाटेल. मग तिच्या मागोमाग नाकापर्यंत जा. दोन्ही बाजूंना. माझी डावी ओठाच्या कोपऱ्याजवळच फुटून संपते, उजवी वरपर्यंत जाते. रोज दहा मिनिटं, घरच्यांचे चेहरे संपेपर्यंत. पेशंटवर त्यानंतर.

लेसरचं थोडक्यात: यंत्राच्या पडद्यावरचे तयार आकडे हे ट्रेनिंग नव्हे. ही तरंगलांबी का, एवढीच पल्स का, हे सांगता येत नसेल तर सावळ्या त्वचेवर हात टाकू नका. काळे डाग काही आठवड्यांनी उमटतात, आणि शिकवणारा त्याच संध्याकाळी निघून गेलेला असतो.

परत आल्यावर

कोर्सहून आल्यावर सोमवारी सगळं बदलायची खुमखुमी येते. एकच गोष्ट बदला, चार आठवडे, आणि ज्या केसमध्ये बदलली तिच्या केसपेपरवर खूण करा. मग त्याच पन्नासच्या हिशेबाने बघा. मी एकदा कॅन्युला (बोथट टोकाची सुई), टोचण्याची खोली आणि ब्रँड तिन्ही एकदम बदलले. सूज वाढली, आणि कशाने ते आजही सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यातलं ड्रिल. मी डबा उघडला, व्हायलांवर नजर फिरवली आणि म्हटलं, "सहा आहेत, चला." सिस्टर घड्याळ थांबवून म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा मोजा." पाच होत्या. सहावी त्यांच्या खिशात होती.